उसाच्या ट्रॉलीचे दिवे

गळीत हंगामात रात्रीच्या रस्त्यावर उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतच नाही. म्हणून आज ट्रॉलीच्या वायरिंगबद्दल.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांच्या वायरी ७ पिनांच्या सॉकेटमधून ट्रॉलीकडे जातात. घोळ होतो तो बहुधा अर्थिंगचा. पुष्कळदा वेगळी अर्थ वायर न टाकता हुकाच्या लोखंडावरच भागवलं जातं. तिथं गंज, ग्रीस, चिखल; करंटला परतीची वाटच धड मिळत नाही. मग ब्रेक दाबला की टेललाइट मंदावतो, इंडिकेटर भलताच लुकलुकतो. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका. प्लगपासून दिव्यापर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढा आणि चासीला जोडताना रंग खरवडून बोल्ट घट्ट आवळा.

२१ वॅटचा ब्रेकचा एक बल्ब जवळपास पावणेदोन अँपिअर ओढतो, दोन बल्बांचे साडेतीन. घरातली बारीक वायर इथं चालणार नाही. दोन ट्रॉल्या जोडत असाल, तर पहिलीच्या मागेही सॉकेट हवंच. आणि भरणी झाल्यावर एकदा मागं जाऊन बघा: वाढं दिव्यांवर लोंबत असेल, तर ते कोयत्यानं छाटूनच ट्रॅक्टर हलवा.