धूर कुठे मोजायचा?



आज मला तेलावर तयार होणाऱ्या विजेबद्दल बोलायचं आहे. अशा विजेमुळे पर्यावरणाचं किती नुकसान होतं, हे ठरवायचं कसं? विषय रुक्ष वाटेल, पण शेवटी तो आपल्या इमारतीच्या जिन्यापर्यंत येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे कोणतंही मोजमाप करण्याआधी एक प्रश्न विचारतात : हद्द कुठे आखली आहे? कशाला आत धरलं आणि कशाला बाहेर ठेवलं? हद्द चुकली, तर प्रत्येक आकडा बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो. याचं ठळक उदाहरण म्हणजे लेबनॉन. आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान असलेला हा देश अनेक दशकं बहुतांश वीज आयात केलेल्या तेलावर तयार करत आला आहे.

तिथली झूक आणि जिये ही दोन जुनी वीजकेंद्रं भूमध्य समुद्राच्या काठावर आहेत. त्यांचं इंधन जड तेल. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जो काळा गाळ उरतो, त्यातून हे तेल बनतं. ते इतकं दाट असतं की गरम केल्याशिवाय नळीतून धड वाहत नाही. त्यात गंधक असतं, व्हॅनेडियम आणि निकेलसारखे धातू असतात. ते जळलं की कार्बन डायऑक्साइड, काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेत त्याचे सूक्ष्म कण बनतात. ते फुफ्फुसात खोलवर जातात.

समजा, आपण चिमणीच्या तोंडाशी यंत्र लावलं आणि हे सगळं मोजलं. काम झालं का? नाही. ही झाली पहिली हद्द.

जुलै २००६ च्या युद्धात इस्रायलने जिये केंद्राच्या तेलाच्या टाक्यांवर बॉम्ब टाकले. दहा ते पंधरा हजार टन तेल समुद्रात गेलं आणि सुमारे दीडशे किलोमीटर किनारा काळा झाला. जुबैलच्या प्राचीन बंदराचे दगडही त्यातून सुटले नाहीत. सर्वांत जास्त झळ मच्छीमारांना बसली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या नुकसानीचा आकडा ८५ कोटी ६४ लाख डॉलर धरला आणि इस्रायलने भरपाई द्यावी असं म्हटलं. आमसभेचा ठराव मात्र बंधनकारक नसतो. या तेलातून विजेचं एक युनिटही तयार झालं नव्हतं आणि चिमणीवरच्या यंत्रात त्याची नोंद होणं शक्य नव्हतं. म्हणून दुसरी हद्द : इंधन जिथून निघतं, जिथून येतं, जिथे साठवलं जातं, तिथपर्यंत हिशेब न्यायला हवा.

आता तिसरी हद्द. माझ्या मते हीच सर्वांत जास्त विसरली जाते.

लेबनॉनची सरकारी वीज अनेक वर्षं पुरेशी नव्हती. २०१९ नंतरच्या आर्थिक संकटात तेल विकत घ्यायला पैसे उरले नाहीत. ९ ऑक्टोबर २०२१ ला इंधनाअभावी दोन मोठी केंद्रं थांबली आणि सगळी वीजवाहिनी बंद पडली. त्या काळात सरकारी वीज दिवसाला तास-दोन तास यायची. सरकारी कागदावर पाहिलं तर चिमण्यांचा धूर कमी झाला. लोक मात्र अंधारात बसले नाहीत. गल्लोगल्ली डिझेल जनरेटर होते आणि त्यांच्या मालकाला महिन्याची वर्गणी देऊन लोक वीज घेत. या वर्गणीला तिथे ‘इश्तिराक’ म्हणतात. आपल्यापैकी अनेकांना हा शब्द ओळखीचा वाटेल. म्हणजे धूर गेला नव्हता, चिमणीवरून उतरून खिडकीखाली आला होता.

बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे आधीच मोजलं होतं. संकटाच्या कितीतरी आधी, जनरेटर दिवसाला फक्त तीन तास चालत असताना, हवेतून शरीरात जाणाऱ्या कर्करोगकारक द्रव्यांपैकी सुमारे ३८ टक्के वाटा या जनरेटरचा होता. संकटानंतर तिथल्या रसायनशास्त्रज्ञ नजात सलिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा शहराच्या हवेतलं अशा द्रव्यांचं प्रमाण दुप्पट झालेलं दिसलं. डिझेलचा धूर कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे.

आता एक साधं गणित करू. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चांगला जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट वीज देतो. म्हणजे युनिटमागे साधारण ०.८ किलो. आपल्याकडच्या कोळशाच्या केंद्रात हा आकडा एक किलोच्या आसपास जातो. एवढाच आकडा पाहिला तर जनरेटर बरा वाटेल. पण मोठ्या केंद्राची चिमणी २७५ मीटरपर्यंत उंच असते. जनरेटरची नळी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर असते. कोळसा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, चंद्रपूरकर ते ऐकूनही घेणार नाहीत. मुद्दा इतकाच, की किती धूर सोडला हे जसं मोजायचं, तसंच त्यातला किती माणसांच्या छातीत गेला हेही मोजायचं.

भारतात मोठ्या औष्णिक प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण परवानगी लागते, त्याआधी जनसुनावणी होते. शंभर इमारतींखालच्या शंभर जनरेटरांची जनसुनावणी कोणी घेत नाही. यंत्रं लहान, म्हणून परिणामही लहान, असं धरलं जातं. भिवंडी-मालेगावच्या लोकांना लोडशेडिंग म्हणजे काय हे मी सांगायला नको. तिथेही वीज गेली की कुठेतरी डिझेल जळायचंच. आज तेच सोसायट्यांत, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्यांत चालतं. आमच्या आयटी कंपन्या आणि डेटा सेंटरही याला अपवाद नाहीत.

मग आपण काय करायचं? निदान एक गोष्ट आजच पाहता येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नियम सांगतो, की जनरेटरची धूर सोडणारी नळी इमारतीच्या उंचीच्याही वर गेली पाहिजे. किती वर? जनरेटरच्या केव्हीएचं वर्गमूळ काढा आणि ०.२ ने गुणा, तितके मीटर. शंभर केव्हीएसाठी हे उत्तर दोन मीटर येतं. घरी गेल्यावर आपल्या इमारतीची नळी कुठे संपते ते बघा. ती तळमजल्यावरच्या कुणाच्या स्वयंपाकघरापाशी संपत असेल, तर सोसायटीच्या सभेत विचारा. तिथे राहणारे भाडेकरू असतील आणि त्यांना सभेत बोलता येत नसेल, तर त्यांच्या वतीने विचारा. मग पुढचे प्रश्न येतील : लिफ्ट आणि पाण्याच्या पंपापुरती बॅटरी बसवता येईल का, छतावर सौर पॅनल बसतील का? लेबनॉनच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता काही वर्षांत हजार मेगावॉटच्या वर सौर पॅनल लावले. पण छप्पर नसलेले, पैसे नसलेले मागे राहिले. आपण हे करू तेव्हा त्यांनाही हद्दीच्या आत घेऊ.

आता तुमचे प्रश्न घेऊ.