आगशीची रांग

 आजचं बोलणं ओसरीवर बसून ऐकणाऱ्या सासऱ्यांच्या, दिरांच्याही कामाचं आहे. दर वेळी आम्ही बचत, हप्ता, व्याज यावर बोलतो. आज ड्रायव्हरच्या झोपेवर बोलणार आहोत.

आपल्या कर्जत-खालापुरात ड्रायव्हर नाही अशी वाडी शोधावी लागेल. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून घाटाची चढउतार आपल्या माणसांच्या पोटापाण्याची झाली. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय जुना ड्रायव्हर पुढे जात नाही. बाप क्लीनर म्हणून चढला, मुलगा स्टेअरिंगवर बसला, अशी घरं आमच्या गटातच चार आहेत. त्यातल्याच एका घरच्या अंगणात गेल्या पावसाळ्यात आमची बैठक होती, आणि विषय होता दंड.

ज्या ताईंच्या अंगणात बसलो होतो, त्यांचेच दोन हप्ते थकले होते. नियमाप्रमाणे दंड लागतो. पण त्यांचे मिस्टर ट्रेलर घेऊन चाकणहून परत येताना, घाट उतरल्यावर, खालापूरच्या अलीकडे, डुलकी लागून दुभाजकावर गेले होते. जीव वाचला, पायात सळई पडली, तीन महिने घरी. मालकाने मालाचं नुकसान पगारातून कापलं. एक जण म्हणाली, नियम म्हणजे नियम. दुसरी म्हणाली, माणुसकी आहे की नाही? आवाज चढले. ताई मात्र एक शब्द बोलेनात. शेवटी म्हणाल्या, "दंड घ्या. चूक माझीच आहे. लेकीला बघायला पाहुणे येणार होते. मीच रात्री तीनदा फोन केला, सकाळी आठच्या आत पोचा म्हणून."

सगळ्या गप्प झाल्या. तेव्हा पडवीत बसलेले त्यांचे सासरे बोलले. वय पंचाहत्तरच्या पुढे, सगळी हयात ट्रकवर गेलेली. ते म्हणाले, "आमच्या वेळी आगशीला झोप मिळायची. याला कुठे मिळणार?"

आगशी म्हणजे काय ते आम्हाला विचारावं लागलं. तुमच्यापैकी काही जणी आगरदांड्याहून दिघीला किंवा वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने गेल्या असतील. गाड्या आत, माणसं बाजूला उभी, वारा खात पलीकडे. गोव्यात झुआरी नदीवर तसंच होतं. मांडवीवर पणजीला १९७० साली पूल झाला, पण झुआरीवर पूल झाला तो १९८३ साली. तोवर वास्कोचा माल घेऊन निघालेला ट्रक आगशीच्या धक्क्यावर थांबायचा, आणि फेरीबोटीतून पलीकडे कुठ्ठाळीला उतरायचा.

"खोपोलीहून पोलादाचा माल भरायचो," आजोबा सांगू लागले. "आगशीला पोचलो की पुढे गाड्याच गाड्या. बोटीत मावणार किती? एक बोट गेली की रांग तेवढीच पुढे सरकायची. भरतीओहोटीवर फळीचा चढ बदलायचा. ओहोटीला भरलेली गाडी उतरवताना काळीज तोंडात यायचं. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, क्लीनर पुढे उलटा चालत हात दाखवतोय. बोटीत चढलो की चाकांखाली लाकडी ठोकळे." हे सांगताना त्यांचा उजवा पाय खरंच जमिनीवर दाबला जात होता.

पण त्यांना खरं सांगायचं होतं ते रांगेबद्दल. रांगेत स्टोव्ह पेटायचा. धक्क्यावरच्या बायका मासळीचं कालवण-भात विकायच्या. ट्रकखाली सावलीत गोधडी पसरून चार-चार तास झोप व्हायची, रांग सरकली की मागचा ड्रायव्हर येऊन उठवायचा. मालकाला माहीत असायचं की आगशीला वेळ जाणार, म्हणून उशिराचं कोणी विचारायचं नाही. आणि फोन नव्हता. आजी घरी आठ-आठ दिवस काही न कळता बसायच्या, हेही आम्ही विसरत नाही. आजोबांना रांगेत झोप लागायची, तेव्हा इकडे आजींना लागत नव्हती. जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

१९८३ला पूल झाला आणि ती रांग संपली. मग १९८६च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, आणि पणजीत लोक पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहिले. आजोबा हे सांगून हसले. आम्हाला हसू आलं नाही.

बैठकीत आणखी एक दादा आले होते, आमच्या हिशेबनिसांचे भाऊ. त्यांनी वेगळीच बोट सांगितली. आपल्या जिल्ह्यातल्या कोलाड स्टेशनवर १९९९ सालापासून कोकण रेल्वे भरलेले ट्रकच्या ट्रक मालगाडीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेते. रो-रो म्हणतात तिला. ड्रायव्हर एका वाघिणीवरून दुसऱ्या वाघिणीवर ट्रक चालवत पुढे नेतो, मग चाकं जखडतात. डिझेल वाचतं, टायर वाचतात, कशेडी घाट वाचतो. आणि ड्रायव्हर? तो आपल्या ट्रकच्या केबिनमध्येच बसून जातो. "गाडी हलते, पण आपण चालवत नाही, हे अंगाला कळायलाच वेळ लागतो," दादा म्हणाले. "रोह्यापर्यंतचा रस्ता धावत आलेलो असतो. पहिल्या बोगद्यात मी ब्रेकवर पाय मारला होता." तरी त्यांच्या मते सगळ्या धंद्यात तेवढीच एक ट्रिप, जिथे झोपलं तरी माल पुढे जातो.

२०२५च्या गणपतीत याच कोलाडहून मोटारींसाठीही रो-रो सुरू झाली. मोटार वाघिणीवर, आणि मोटारवाले जोडलेल्या डब्यात, बसायला-झोपायला जागा. चांगलंच आहे, लेकरंबाळं सुखाने गेली. पण ट्रकवाल्याला पंचवीस वर्षांत तो डबा का सुचला नाही कोणाला, हे आम्हाला मोठ्याने विचारावंसं वाटतं.

मग आम्ही थोडी माहिती काढली. युरोपात ट्रक एका देशातून दुसऱ्या देशात जातात, मध्ये समुद्र आला की बोटीत चढतात. तिथे नियम असा: साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबायचंच. दिवसात नऊ तास, आठवड्यातून फार तर दोनदा दहा. गाडीत यंत्र असतं, ते सगळं टिपतं, त्यामुळे मालकालाही खोटं लिहिता येणं अवघड. आणि रोजची अकरा तासांची विश्रांती बोटीत किंवा रेल्वेवर मोजायची असेल तर ड्रायव्हरला झोपायला बिछाना हवा. बोटीत चढणं-उतरणं यासाठी त्या झोपेत दोनदा खंड पडला तर चालतो, पण दोन्ही मिळून एका तासापेक्षा जास्त नाही. म्हणजे झोप मिनिटांत मोजतात. तिथेही नियम मोडणारे असणारच. पण मोजतात.

आपल्याकडे मोजत नव्हते असंही नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं. लांबच्या मार्गाला दिवसाला दहा तासांपर्यंत मुभा होती. पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूकदारांसाठी होता. आपल्या शेजारच्या शेठकडे एक ट्रेलर आणि एक टेम्पो. तिथे तास कोण मोजणार?

तर आम्हीच मोजले. त्याच बैठकीत, गटाच्या वहीच्या मागच्या पानावर. ताईंचे मिस्टर खाटेवरून सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. सोमवारी पहाटे पाचला घर सोडलं. उरणला बंदराच्या रांगेत दिवस गेला. ही रांग आगशीसारखी नव्हे: दर पाच-दहा मिनिटांनी गाडी दोन हात पुढे घ्यायची, डोळा मिटला की मागून हॉर्न. रात्री नऊला भरून निघाले, मध्यरात्रीनंतर घाट चढले, चाकणला गेटबाहेर दोन तास झोप. मंगळवारी खाली केलं, परतीच्या भाड्याची वाट, दुपारी अडीच तास झोप, संध्याकाळी भरणं, आणि रात्री पुन्हा रस्ता. टोलवर पूर्वी चार मिनिटं पाय मोकळे व्हायचे, तेही फास्टॅगने गेले. पहाटे चारला अपघात. बेरीज केली: सत्तेचाळीस तासांत झोप साडेचार तास.

वही ताईंच्या हातात दिली. त्यांनी बेरीज दोनदा केली. तुमचे तीन फोन या सत्तेचाळीस तासांत मिळून सहा मिनिटांचे, असं आमच्यातली एक म्हणाली. ताई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पण मी एकदाही विचारलं नाही, झोपलात का म्हणून. कुठवर आलात, एवढंच विचारलं." आता खरं सांगा मैत्रिणींनो, आपण सगळ्या हेच विचारतो. आम्हीही.

दंडाचं असं झालं की नियम बदलायला मासिक सभेत ठराव लागतो, तो पुढच्या महिन्यात केला: अपघात आणि आजारपणात तीन हप्त्यांपर्यंत दंड नाही. विरोध करणारीनेच तो मांडला. जुना दंड वीस रुपये होता, तो ताईंनी आग्रहाने भरला. आम्ही घेतला.

मागचं पान मात्र चालू राहिलं. आता गटातल्या चारही घरी माणूस निघाला की वेळ लिहितात, आणि फोनवर पहिला प्रश्न झोपेचा. एका शेठला वहीचं पान दाखवलं तेव्हा तो चिडला. दुसऱ्याने चाकणच्या ट्रिपला जोडीला ड्रायव्हर दिला, पण महिनाभरच. तुमच्याकडे असं पान असेल तर पुढच्या वेळी घेऊन या, रेडिओवर वाचू, नाव न घेता.

ताईंचे मिस्टर दिवाळीनंतर पुन्हा गाडीवर गेले. पहिल्या ट्रिपहून आले त्या दिवसाची नोंद ताईंच्या अक्षरात आहे: "सकाळी सहाला आले. चहा घेतला नाही. संध्याकाळी पाचपर्यंत झोपले." खाली बारीक अक्षरात लिहिलंय, "फोन शेजारच्या घरी ठेवला होता."