पान चिकट लागले की उलटून पाहा : संत्र्यावरील कोळशी
(बागाईतदारांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



वरूड-मोर्शीच्या पट्ट्याला लोक कौतुकाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पण याच पट्ट्यातली एखादी बाग दोन-तीन वर्षांत काळी पडते. पाने, फांद्या, फळे यांवर काजळी चढते, बहार कमी फुटतो आणि फळाला मंडीत भाव मिळत नाही. मग बागाईतदार विचारतात, "काळ्या बुरशीला कोणते बुरशीनाशक मारू?" इथेच निदान चुकते आणि पैसा वाया जातो.

कोळशी ही बुरशी आहे हे खरे. मात्र ती झाडाच्या आत शिरत नाही. पानावर सांडलेल्या गोड चिकट द्रवावर ती वाढते. हा द्रव सोडणारी कीड म्हणजे काळी माशी. तिची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात. जास्तीची साखर त्यांच्या शरीरातून बाहेर पडते, ती खालच्या पानांवर ठिबकते आणि तिच्यावर काजळी धरते. पान झाकले की त्याला ऊन मिळत नाही, मग झाडाने अन्न तयार करायचे कसे? म्हणून पान काळे होण्याची वाट पाहू नका. बोटाला चिकट लागले की ते पान, आणि त्याच्या वरच्या फांदीवरची पाने, उलटून पाहा.

चिकटपणा इतर किडींमुळेही येतो. कोवळे शेंडे वळलेले असून त्यांवर मऊ किडींचे थवे दिसले तर तो मावा. नवतीवर पांढरट दोऱ्यासारखी विष्ठा आणि नारिंगी-पिवळी चपटी पिल्ले दिसली तर सिट्रस सिला. कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. आणि पानाखाली काळे, चमकदार, काटेरी ठिपके घट्ट चिकटलेले असतील तर ती काळी माशी. तिची अंडी चकलीच्या वेढ्यासारखी गोल रांगेत घातलेली असतात. साधे भिंग असले तर ती सहज ओळखता येतात. खोडातून गळणारा डिंक हा मात्र वेगळा रोग आहे. त्याचा या चिकटपणाशी संबंध नाही.

आता उपाय पाहू. अंडी आणि कोष यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. लहान पिल्ले मात्र नाजूक असतात. म्हणून निम्मी अंडी उबली की फवारणी करावी. आंबिया, मृग आणि हस्त बहाराच्या नवतीवर माशी अंडी घालते. त्यामुळे साधारणपणे एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर या महिन्यांत लक्ष ठेवावे. तरीही तारखेपेक्षा पानावर भरवसा ठेवा. दहा लिटर पाण्यात निंबोळी तेल 100 मिली आणि धुण्याची पावडर 10 ग्रॅम घ्यावी. पावडर थोड्या पाण्यात विरघळवून तेल तीत चांगले घोटावे, मग उरलेले पाणी घालावे. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी करावी. नोझल खालून वर धरावे, कारण कीड पानाखाली असते. शेजारच्या बागाही त्याच आठवड्यात फवारल्या तर उपयोग होतो, नाहीतर माशी बांध ओलांडून परत येते.

रासायनिक औषध घ्यायचेच झाले तर सध्या संत्र्यासाठी मान्यता असलेलेच घ्यावे आणि मात्रा लेबलप्रमाणे ठेवावी. जुन्या घडीपत्रिकेवरून औषध आणू नये. त्यातील एन्डोसल्फानवर तर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बंदी घातली आहे.

बंधूंनो, फवारण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासा. रिकाम्या काळ्या कोषावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर त्यातून माशी बाहेर पडली आहे. गोल भोक असेल तर आपला मित्र बाहेर पडला आहे. हा मित्र म्हणजे बारीक परोपजीवी गांधीलमाशी. या मित्रांचे मोल मोठे आहे. मेक्सिकोत 1935 मध्ये काळी माशी आढळली आणि पुढे तिने तेथील बागांत थैमान घातले. तेव्हा 1949 पासून भारत आणि पाकिस्तानातून अशा गांधीलमाश्या तिकडे नेण्यात आल्या. त्यांतील अमिटस आणि एन्कार्सिया यांनी तेथील काळी माशी आटोक्यात आणली. आपले कीटक परदेशाच्या बागा वाचवतात आणि आपण गरज नसताना विष मारून त्यांना घरीच संपवतो! गोल भोके बरीच दिसत असतील तर विषारी फवारणी थांबवावी.

बागेची मशागतही तितकीच महत्त्वाची आहे. दाटी, अति नत्र आणि साचलेले पाणी किडीला मानवते. सल आणि पानसोट काढून झाडात हवा व ऊन खेळते ठेवा. कलमे विकत घेताना पाने उलटून पाहा, कारण कीड बहुधा त्यांच्यासोबतच गावात येते. पानांवर राहिलेल्या काजळीसाठी एक किलो मैदा पाच लिटर पाण्यात शिजवून खळ करावी. ती गार करून गाळून घ्यावी, वीस लिटर पाणी होईल इतकी पातळ करावी आणि कडक उन्हाच्या दिवशी फवारावी. वाळल्यावर खळीसोबत काजळीचे पापुद्रे सुटतात. पण माशी आधी आटोक्यात आणा, नाहीतर काजळी पुन्हा धरेल.

उद्या सकाळी बागेत गेलात की दहा झाडांची पाने उलटून पाहा. काय दिसते ते वहीत लिहून ठेवा आणि शंका आली तर फांदी घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात या. पंपाला हात घालण्याआधी एवढे केलेत तर तुमचा खर्च वाचेल.