मुक्ती झाली, वही कोणाच्या हाती?

(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



जोतिराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना त्यांनी ते अर्पण केले. फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. सावित्रीबाईंचे माहेर त्याच जिल्ह्यातील नायगाव. त्यामुळे या भागातील व्यासपीठांवर त्या अर्पणपत्रिकेचा अभिमानाने उल्लेख होतो. परंतु जोतिरावांनी जिचा गौरव केला त्या मुक्तीचे पुढे काय झाले, हे क्वचितच सांगितले जाते.

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांचा मताधिकार मान्य केला. जमीन मात्र मिळाली नाही. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्यातील बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. कालचा गुलाम त्याच शेतावर वाटेकरी झाला. बियाणे उधार, धान्य उधार, आणि हिशेबाची वही जमीनमालकाच्या नाहीतर दुकानदाराच्या हाती! १८७७ नंतर केंद्र सरकारने दक्षिणेतील सैन्याचे संरक्षण काढून घेतले, आणि मताधिकारही हळूहळू हिरावला गेला.

त्या युद्धाची झळ दख्खनलाही लागली. अमेरिकेचा कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. भाव चढले, सावकाराचा हात सैल झाला. १८६५ साली शांतता झाली, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. वाढीव शेतसाऱ्याने त्यात भर घातली. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ला केला. सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात असलेल्या कुकरूड गावीही उठाव झाला. कर्जरोखे नष्ट करणे हा या दंग्यांचा मुख्य हेतू होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याने आपली बेडी अचूक ओळखली होती. १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यात सातारा जिल्ह्याचाही समावेश झाला.

गावगाड्यातील दास्याची कथा याहून वेगळी नाही. जमिनीचा तुकडा व बलुते यांच्या मोबदल्यात महारांनी रात्रंदिवस गावकी आणि सरकारी कामे करावीत, ही वतनाची रीत होती. साताऱ्यात शाळा शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. आणि तेव्हाही ती जमीन पुन्हा नावावर करून घेण्यासाठी वतनदारालाच सरकारकडे रक्कम भरावी लागणार होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीची भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न त्या कायद्याने विचारलाच नाही.

आज या दोन्ही जिल्ह्यांत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फिटली नाही, तर पुढचा हंगाम आधीच गहाण पडतो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. पण उचलीची वही मुकादमाच्या पिशवीत असते आणि बाईच्या श्रमाची तीत स्वतंत्र नोंदही नसते.

हा ऊस परक्या सावकाराचा नाही. तो सत्यशोधकांचा आणि प्रतिसरकारचा वारसा सांगणाऱ्या गावांचा आहे, पुष्कळदा कार्यकर्त्यांच्या घरचाही आहे. म्हणून कामाची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे. प्रत्येक मजुराच्या हाती लेखी हिशेब, बाईच्या नावे वेगळी मजुरी, आणि कोपीवरच्या मुलांना शाळा, या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी याच हंगामात फडावर जावे. जोतिरावांची अर्पणपत्रिका तेथे वाचून दाखवता आली, तरच ती व्यासपीठावर वाचण्याचा अधिकार उरेल.