नवी बाई गटात घेताना

दिवाळीच्या आधी आपल्या हदगावच्या वाड्या-वस्त्यांवर एक बोलणं हमखास निघतं, "आम्हाला पण गटात घ्या की." कोणी गट सोडून गेलेली असते, जागा रिकामी असते. मग बैठकीत चर्चा होते. पण चर्चा कशाची? ती कोणाची सून, कोणाच्या घरची, कोणाशी भांडली. जे विचारायला पाहिजे ते राहूनच जातं. ती राहते कुठं आणि पैसा कसा येतो-जातो, एवढंच मुख्य आहे.

आधी राहण्याचं बघू. उमेदच्या गटात एका घरातली एकच बाई घेतात. पण घर म्हणजे काय? छप्पर एक आणि चुली दोन असतील, तर ती दोन घरं. सासू एका गटात आहे म्हणून वेगळी चूल मांडलेल्या सुनेला नाही म्हणू नका. रेशनकार्ड वेगळं आहे का बघा, शेजारणीला विचारा, झालं.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळी झाली की कोयता घेऊन नवरा-बायको निघतात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. पाच-सहा महिने बाई बैठकीला नाही. म्हणून तिला घ्यायचंच नाही, हे मला पटत नाही. मुकादमाची उचल हातात आली की सहा महिन्यांची बचत आगाऊ भरून घ्या, महिना शंभरप्रमाणे सहाशे रुपये. मात्र एक विसरू नका, उचल हेही कर्जच आहे. ती फिटायच्या आत गटाचं मोठं कर्ज देऊ नका. दिलंच तर हप्ता परत आल्यावर सुरू होईल असा ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

आता माहेरी राहणाऱ्या ताईंचं. एका गटात यावरून फार ताणाताणी झाली. नवऱ्यानं टाकलेली, एक लेकरू, भावाच्या घरी राहणारी. म्हाताऱ्या सदस्य म्हणाल्या, "माहेरी किती दिवस ऱ्हाईल? उद्या निघून गेली तर आपले पैसे कोण भरनार?" प्रश्न खोटा नव्हता. पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. पण गटाची खरी गरज तिच्याएवढी कोणाला असेल? शेवटी ठरलं असं: सहा महिने नुसती बचत, मग लहान कर्ज, ते फिटलं की पुढचं. तिनं पहिलं कर्ज तीन हजारांचं घेतलं, लेकराच्या शाळेसाठी. शेकडा दोननं, महिन्याला पाचशे मुद्दल. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर ६०, ५०, ४०, ३०, २०, १०, म्हणजे सहा महिन्यांत २१० रुपये. हेच गावात शेकडा पाचनं घेतलं असतं आणि व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर धरलं असतं, तर ९०० गेले असते. भावाच्या घरात तिचं बोलणं आता जरा ऐकलं जातं, असं तीच सांगते.

पैशाचा प्रश्न विचारायला बाया लाजतात, आणि सांगायलाही. दारात मोटारसायकल लावून हप्ता मागणारे साहेब आपण सगळ्यांनी पाहिलेत. एकीच्या नावावर तीन-तीन कंपन्यांचं कर्ज असतं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाऊ नयेत. घरात बारा हजार येत असतील तर सहा हजार ही हद्द. आपणही हाच हिशोब करावा. जिचे हप्ते आधीच हद्दीला टेकलेत तिला गटात जरूर घ्या, बचत करू द्या, पण कंपनीचा हप्ता भरायला गटाचं कर्ज देऊ नका. खड्डा बुजत नाही, नुसता सरकतो.

राहिली जुन्या बचतीची भानगड. गट तीन वर्षांचा असेल तर शंभरप्रमाणे प्रत्येकीचे ३,६०० जमलेले असतात, वर व्याज. नवीने ते एकदम भरावेत असा हट्ट काही गट धरतात. मग पैसेवालीच आत येते. त्यापेक्षा तिचं खातं आजपासून सुरू करा, आणि व्याज वाटताना तिला आजपासूनचंच धरा. जुन्यांचं काही जात नाही.

हे प्रश्न भर बैठकीत विचारू नका. दोघीजणी बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जा, सासू, नवरा नसताना बसा. बैठकीत फक्त एवढं सांगा, "आम्ही बोललो, घ्यायला हरकत नाही," किंवा "अजून थोडं थांबू." बाकी तिचं तिच्यापाशी राहू द्या. घ्यायचं ठरलं की इतिवृत्ताच्या वहीत तारीख टाकून ठराव लिहा, आणि तो तिला मोठ्यानं वाचून दाखवल्यावरच तिची सही नाहीतर अंगठा घ्या.