बालकांची इंग्रजी : पाटीवरून नव्हे, खेळातून
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात मुलांस इंग्रजी कशी शिकवावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. विषय लहानांचा असला तरी लहान नव्हे. मुलाचे तिसरे वर्ष सरते न सरते, तोच त्याला कोणत्या शाळेत घालावे ही चिंता आज आपल्या घराघरांत उभी राहते. यंत्रमागावर राबणारा बाप आणि विड्या वळणारी आई पोटाला चिमटा घेऊन इंग्रजी शाळेचे शुल्क भरतात. इंग्रजी न आल्यामुळे आपल्याला ठिकठिकाणी मान खाली घालावी लागली, ते लेकरांच्या वाट्यास येऊ नये, अशी त्यांची तळमळ असते. ही इच्छा अयोग्य म्हणणारे आम्ही नव्हेत. आमचे म्हणणे एवढेच की, इंग्रजी अवश्य यावी. परंतु तिने बालकाच्या वयाला साजेल अशा वाटेने यावे, आणि येताना घरच्या भाषेला घराबाहेर काढू नये.

या बाबतीत आपल्या पद्मशाली समाजाची स्थिती मोठी विलक्षण आहे. आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात तेलंगणातून विणकामाची विद्या घेऊन सोलापुरास आले. घरात तेलुगू राहिली, बाजारात व शाळेत मराठी आली, आणि शेजारपाजारची कन्नड व उर्दू कानांवर पडू लागली. पूर्वभागातले चार वर्षांचे मूल आजीपाशी तेलुगूत हट्ट धरते, गल्लीतल्या सवंगड्यांशी मराठीत भांडते आणि दारावर येणाऱ्या भाजीवालीचे कन्नडही थोडेफार ओळखते. हे त्याला कोणी शिकविले? तेथे पाटी नव्हती, पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. त्याने ऐकले, गरजेपोटी बोलून पाहिले, चुकले तेव्हा कोणी त्याला अंगठे धरून उभे केले नाही. म्हणून भाषा आली. ज्याने दोन-तीन भाषा अशा खेळता खेळता आपल्याशा केल्या, त्याला आणखी एक जड का जावी? जड जाते याचे कारण असे की, आपण त्याला भाषा देत नाही, अक्षरे देतो.

ज्या वयात बोटांत पेन्सिल धड धरवत नाही, त्या वयात सव्वीस मोठी व सव्वीस लहान अक्षरे गिरविण्याचा घाट घातला जातो. त्यातही एक अडचण आहे. आपल्या लिपीत ‘क’ या अक्षराचे नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत तसे नाही. अक्षराचे नाव ‘सी’, पण ‘कॅट’ या शब्दात त्याचा उच्चार ‘क’! सव्वीस नावे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला तहान लागली असता इंग्रजीत पाणी मागता येत नाही, यात नवल ते काय? पाहुण्यांपुढे पाठांतर म्हणून दाखविणे वेगळे, आणि भाषा येणे वेगळे.

बालकाच्या कलाने शिक्षण द्यावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह काढले; १९२० साली गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते कार्य पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधने केली. मुले गुरे राखण्यास जात, तर त्यांनी कुरणातच शाळा भरविली. शिक्षणाने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा धडा आपण इंग्रजीलाही लावू या.

मग आपल्या अंगणात काय आहे? प्रथम असे की, इंग्रजी आपल्या घरी पूर्वीच येऊन बसली आहे. लूम, बीम, बॉबिन, शिफ्ट, टॉवेल हे शब्द आपले मूल पाळण्यापासून ऐकते. रिकाम्या कांड्या आणि रंगीत सुताचे तुकडे पुढे ठेवून ‘रेड’, ‘ब्लू’, ‘वन’, ‘टू’ असा खेळ मांडला, तर त्यास पैचा खर्च नाही. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आपल्या मुलांना ठाऊकच आहे. त्यातील आज्ञा ‘स्टँड’, ‘सिट’, ‘जंप’, ‘टच युवर नोज’ अशा द्याव्यात. बाईंनी प्रथम स्वतः करून दाखवावे, मुलांनी तसे करावे. अर्थ अंगाने कळतो, भाषांतर लागत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० नंतरच्या काळात याच तत्त्वावर भाषाशिक्षणाची एक पद्धत उभारली. भातुकलीत ‘गिव्ह मी वॉटर’, ‘थँक यू’ म्हणता येते. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो. बालवाडीत लटका गड्डा मांडून एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने ‘हाऊ मच?’ विचारावे. हे सारे रोज वीस मिनिटे पुरे. एका आठवड्यात पाच-सहा शब्दच घ्यावेत, पण ते निरनिराळ्या खेळांतून पुनःपुन्हा कानी पडू द्यावेत.

यात दोन पथ्ये पाळावीत. मूल कित्येक दिवस नुसते ऐकते, बोलत नाही. त्याला बोलते करण्याची घाई नको. तेही तेलुगू व मराठी ऐकूनच मग बोलू लागले होते. दुसरे, उच्चाराची थट्टा नको. तेलुगू शब्द बहुधा स्वरान्त असल्यामुळे आपल्या घरी ‘बस’चे ‘बस्सु’ आणि ‘कार’चे ‘कारु’ होते. हा दोष नव्हे, सवय आहे. या वयात कान लवचिक असतो. शुद्ध उच्चार वारंवार ऐकून जीभ आपोआप वळते. हसून मात्र ती कायमची अडखळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरातही मुलाशी इंग्रजीच बोला, असा उपदेश हल्ली पालकांना होतो. त्याचा परिणाम पाहा. ज्या आईला इंग्रजीचे पन्नास शब्द येतात, ती मुलाशी पन्नास शब्दांपुरतीच बोलते. ‘कम’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढ्यावर माउलीचे बोलणे संपते. कथा थांबतात, कोडी थांबतात, मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाची हकिकत सांगणारी आजी अबोल होते. मुलाला इंग्रजी तर धड मिळत नाहीच, पण विचार करण्याची भाषाही हरवते. ज्या धाग्यावर दुसरी भाषा विणावयाची, तो ताणाच तोडला तर बाणा कशावर घालणार? विणकरांच्या सभेत हे अधिक फोडून सांगण्याची जरुरी नाही.

इंग्रजी मागे पडेल ही भीतीही अनाठायी आहे. २००० सालापासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हणते, आणि बालवयात खेळालाच अग्रस्थान देते. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइज हा जागतिक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणल्याचा त्या गौरवात ठळक उल्लेख होता. जग ज्या गोष्टीचा सन्मान करते, तिची लाज आपण का बाळगावी?

शेवटी तीन विनंत्या. मातांनी विड्या वळता वळता तेलुगूत वा मराठीत गोष्टी सांगणे सोडू नये. तुमचे ते बोलणे हेच मुलाचे पहिले विद्यालय होय. पित्यांनी ‘किती अक्षरे आली?’ असे न विचारता ‘आज काय खेळलास?’ असे विचारावे. आणि मंडळाने शिष्यवृत्तीच्या निधीतून थोडी रक्कम बाजूस काढून, समाजातील दोन-चार शिकलेल्या मुलींना बालशिक्षणाचे रीतसर वळण द्यावे व पूर्वभागात त्यांच्या हाती एक खेळवर्ग सोपवावा. इमारतीची वाट पाहू नये. एक ओसरी, मूठभर रंगीत सूत आणि हसतमुख बाई एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.