सही कोणाच्या हातात?

(बबीना येथे मराठी खातेदार कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या छावणीत बातमी फिरायची की सभेत क्रिप्टो घ्यायला सांगितलं. मी तसं सांगत नाही. तुमची आवर्ती ठेव, पोस्टातली बचत, भविष्य निर्वाह निधी यांची जागा हे चलन घेऊ शकत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचं छत्र आहे, इथं एका रुपयालाही नाही. रिझर्व्ह बँक डिसेंबर २०१३ पासून सावध करत आली आहे. सुप्रीम कोर्टानं ४ मार्च २०२० ला बँकांवरचं बंधन रद्द केलं, म्हणून खात्यातून व्यवहार होतात. पण बंधन उठणं वेगळं आणि हमी मिळणं वेगळं. वर १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

मग आज हा विषय कशाला? कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी हे चलन मुलाच्या, भाच्याच्या मोबाइलमध्ये येऊन बसलेलं आहे. आलंच आहे, तर ते ठेवायचं कशात, एवढंच आज बोलू.

त्याला वॉलेट म्हणतात, म्हणजे पाकीट. हे नावच फसवं आहे. त्या पाकिटात पैसे नसतातच. चलनाची नोंद जगभरातल्या संगणकांवरच्या एका सामाईक वहीत असते. पाकिटात असते ती फक्त गुप्त किल्ली. ती पाकिटापेक्षा शिक्क्यासारखी वागते. पेशवाईतल्या कागदांच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ असा शिक्का असे, आणि तो उमटला म्हणजे कागद अधिकृत झाला. इथंही तसंच. शिक्का ज्याच्या हाती, हुकूम त्याचा. वहीतली रक्कम हलवायची तर या किल्लीची सही लागते.

याच किल्लीनं रक्कम न हलवता नुसत्या मजकुरावरही सही करता येते. तुम्ही एक वाक्य लिहिता, पाकीट किल्ली वापरून गणित करतं आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ देतं. ती ओळ, ते वाक्य आणि तुमचा पत्ता, एवढ्या तीन गोष्टींवरून कोणीही पडताळू शकतं की ज्याच्याकडे या पत्त्याची किल्ली आहे त्यानंच हे लिहिलं. वाक्यातला एक काना बदलला तरी पडताळणी फसते. किल्ली कोणाला दाखवावी लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.

याचा उपयोग काय? बबीना हे नाव इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून झालं, अशी एक गोष्ट इथं सांगतात. ती मी ऐकली आहे, कागद पाहिलेला नाही. क्रिप्टोच्या दुनियेत अशा गोष्टींना तोटा नाही. क्रेग राइट नावाचे एक गृहस्थ २०१६ पासून सांगत होते की बिटकॉइनचा जनक मीच. काही जुने पत्ते आपले आहेत असं त्यांच्या बाजूनं कोर्टातही मांडलं गेलं. मे २०२० मध्ये त्यातल्याच १४५ पत्त्यांवरून कोणीतरी सही केलेला मजकूर प्रसिद्ध केला. हा माणूस खोटारडा आहे आणि याच्याकडे या किल्ल्या नाहीत, असा त्याचा आशय होता. वकील नाही, साक्षीदार नाही, पण दावा उघडा पडला. पुढे मार्च २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टानंही निकाल दिला की राइट हे बिटकॉइनचे जनक नव्हेत.

तुमच्या कामाचा उपयोग याहून साधा आहे. ज्यांची मुलं जर्मनी, नेदरलँड्समध्ये आहेत त्यांना हे लवकर भेटेल. युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून एक हजार युरोंच्या वरची रक्कम स्वतःच्या पाकिटात काढायची किंवा तिथून भरायची असेल, तर पाकीट खरंच तुमचं आहे का हे एक्स्चेंजला तपासावं लागतं. त्याचा एक मार्ग म्हणजे ही सही. ज्या पाकिटात सहीची सोय नाही, त्याच्या मालकाची इथं अडचण होते.

आता निवड. पहिला प्रश्न, किल्ली कोणाकडे? एक्स्चेंजच्या ॲपमध्ये शिल्लक दिसते, पण किल्ली कंपनीकडे असते. तिथं तुम्हाला सही करता येणार नाही, कारण शिक्का तुमच्याकडे नाहीच. याचा अर्थ मुंबईच्या वझीरएक्सच्या खातेदारांना १८ जुलै २०२४ ला कळला. त्या दिवशी सुमारे दोन हजार कोटी रुपयांचं चलन चोरीला गेलं. एका सहीवर नव्हे, अनेकांच्या सह्या लागतील अशा पाकिटातून गेलं. कंपनीनं सांगितलं ते असं, की सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसलं एक आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. खातेदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले.

म्हणून दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा: ज्यावर सही करायची तो मजकूर पाकीट तुम्हाला पूर्ण, वाचता येईल असा दाखवतं का? अगम्य आकडे-अक्षरं दाखवून ‘सही करा’ म्हणणारं पाकीट म्हणजे कोऱ्या चेकवर सही मागणारा माणूस. पेन ड्राइव्हसारखी वेगळी यंत्रं मिळतात, ट्रेझर, लेजर वगैरे, त्यांना स्वतःचा छोटा पडदा असतो. मोबाइलमध्ये व्हायरस शिरला तरी या पडद्यावर काय दिसतं ते वाचून मगच बटण दाबायचं. पण दोन-पाच हजारांच्या चलनासाठी कित्येक हजारांचं यंत्र घेणं मला तरी पटत नाही.

तिसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे. बिटकॉइनचे जुने पत्ते ‘१’ या आकड्यानं सुरू होतात. त्यांच्यावरून सही करण्याची पद्धत ठरलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी चालते. ‘बीसी१’नं सुरू होणाऱ्या नव्या पत्त्यांसाठी वेगवेगळ्या पाकिटांनी वेगवेगळ्या पद्धती धरल्या, त्यामुळे एकाची सही दुसऱ्याला ओळखू येत नाही असं घडतं. बिटकॉइन कोअर हा मूळ प्रोग्राम तर मजकुरावरची सही जुन्या पत्त्यांवरूनच करतो. इलेक्ट्रम, स्पॅरो यांत मजकुरावर सही करण्याची सोय आहे. ‘सपोर्ट आहे’ या जाहिरातीवर थांबू नका. रिकाम्या पाकिटावर सही करा, ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये पडताळा आणि जमलं तरच पुढे जा. रिकाम्या पत्त्यावरूनही सही होते, त्यामुळे ही परीक्षा फुकट आहे.

नाव मोठं म्हणून डोळे मिटू नका. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्याच वापरकर्त्यांना ‘नवी आवृत्ती घ्या’ असा खोटा संदेश पाकिटाच्या आतच दिसला. ज्यांनी ती उतरवली त्यांचे मिळून सुमारे अडीचशे बिटकॉइन गेले.

इथेरियमच्या पाकिटांत आणखी एक खड्डा आहे. तिथं काही सह्या नुसत्या सह्या नसतात, त्या परवानग्या असतात. ‘माझ्या खात्यातली अमुक टोकन तमुकानं काढावीत’ असं मुखत्यारपत्र सहीच्या मजकुरात दडलेलं असतं. सही करताना एक पैसा लागत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो, आणि थोड्या वेळानं पाकीट रिकामं. फोन येतो, ‘खातं पडताळायचंय, एक मेसेज साइन करा.’ तुमच्यापैकी पुष्कळांना असेच फोन केवायसीच्या नावानं येऊन गेले असतील. उत्तर तेच द्या. फोन ठेवा.

सही करायचीच वेळ आली तर वाक्य स्वतः वाचा. त्यात तारीख आणि कोणासाठी, कशासाठी हे असू द्या. मोघम वाक्य दुसरा कोणीही उचलून आपलं म्हणून दाखवू शकतो. आणि ती सही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तुमचं नाव एकदा पत्त्याशी जोडलं गेलं की त्या पत्त्यावरची शिल्लक सगळ्या जगाला दिसते. फौजी कुटुंबांनी तर हे दोनदा लक्षात घ्यावं.

शेवटचा मुद्दा घरातल्या बायकांसाठी, पण साहेबांनीही ऐका. आपलं बँकेचं खातं असतं, त्याला वारसाचं नामनिर्देशन असतं, मृत्यूचा दाखला आणला की शाखेतला माणूस अर्ज भरायला मदत करतो. स्वतःच्या किल्लीच्या पाकिटाला नामनिर्देशनाचा रकाना नाही, शाखा नाही, साहेब नाही. पाकीट सुरू करताना बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द मिळतात, तीच मूळ किल्ली. धनी सीमेवर आहे, फोन लागत नाही, आणि ते शब्द फक्त त्याच्या डोक्यात आहेत. त्याचं काही बरंवाईट झालं तर ती रक्कम वहीत जगाला दिसत राहील आणि घरच्यांना कधी मिळणार नाही. कोर्टाचा हुकूम आणला तरी नाही. दुसऱ्या बाजूला, ते शब्द ज्यानं पाहिले त्याचेच पैसे झाले. पुण्यातल्या गेनबिटकॉइन प्रकरणात लोकांना महिना दहा टक्के देण्याचं आमिष होतं. त्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये अटक केली. तपासातलं चलन स्वतःकडे वळवल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. तेव्हा ओळखीचा हुशार मुलगा आहे, तोच सगळं बघतो, ही व्यवस्था नव्हे.

शब्द कागदावर शाईनं लिहा. फोटो नको, ईमेल नको. एक प्रत इथं कुलपात, दुसरी गावी विश्वासाच्या माणसाकडे बंद पाकिटात. बदली झाली की सामानाच्या यादीत तो कागदही धरा. आणि रक्कम टाकण्याआधी एकदा नवराबायकोनं शेजारी बसून पाकीट मोबाइलमधून काढून टाकावं आणि त्या कागदावरून परत उभं करावं. या वेळी शब्द बायकोनं टाकायचे. मग तिनंच एका वाक्यावर सही करून पाहावी. पडताळणी जमली, तर कागद बरोबर लिहिला आहे. फसवणूक झालीच, तर लाजेनं दोन दिवस घालवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि ज्या पत्त्यावर चलन गेलं तो लिहून तयार ठेवा. आता प्रश्न विचारा.